खिंडीत सापडलेला नेता

वाचकहो, मराठीत 'खिंडीत गाठणे' असा एक वाक्प्रचार आहे. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही, दोन्ही बाजूंना उंच कडे, अशा अवस्थेत माणसाला आणून सोडणे असा त्याचा अर्थ. भाषेच्या तासाला हा वाक्प्रचार आला की मी मुलांना सांगतो, "बाळांनो, ही नुसती बोलण्याची रीत नव्हे. अशी एक खिंड आपल्या खालापूर तालुक्यातच आहे आणि तिच्यात एक मोठा सेनापती खरोखरीच सापडला होता."

ती खिंड म्हणजे उंबरखिंड. तेथे २ फेब्रुवारी १६६१ रोजी झालेली लढाई शाळेच्या पुस्तकात चार ओळींत आटोपते. कोण जिंकले, कोण हरले, सन कोणता, एवढे पाठ केले की गुण मिळतात. परंतु इतिहासाचा खरा उपयोग गुणांपुरता नाही. ज्याच्या एका शब्दावर हजारो माणसांचे बरेवाईट अवलंबून असते, त्याच्या मनावर दडपण आले म्हणजे त्याच्या निर्णयाचे काय होते, हा प्रश्न त्या खिंडीत दडलेला आहे. आणि तो केवळ सेनापतींचा प्रश्न नाही. शाळेचा मुख्याध्यापक, संस्थेचा अध्यक्ष, जमातीचे पंच, घरातला कर्ता पुरुष, मुलांना एकटीने वाढविणारी आई, हे सारे आपापल्या जागी नेतेच होत. म्हणून आपल्याच परिसरातील, एकाच घाटाच्या कुशीत घडलेल्या तीन प्रसंगांकडे या दृष्टीने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उंबरखिंडीचा प्रसंग

१६६० हे साल शिवाजी महाराजांना फार जड गेले. जुलैमध्ये त्यांना सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळा सोडून निघावे लागले. त्या वाटेवर बाजीप्रभूंसारखा मोहरा खर्ची पडला. ऑगस्टमध्ये चाकणचा किल्ला मोगलांनी घेतला. औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. परंतु खानालाही समाधान नव्हते. चाकणसारखा भुईकोट घेण्यास त्याला दोन महिन्यांच्या आसपास झुंजावे लागले होते. डोंगरी किल्ले एकेक करून घ्यायचे तर किती वर्षे लागतील, ही चिंता त्याला पडली असल्यास नवल नाही. म्हणून किल्ले बाजूस ठेवून घाटाखाली उतरावे आणि कल्याण-पनवेलपासूनचे उत्तर कोकण काबीज करावे, असा बेत ठरला. या कामगिरीवर त्याने उझबेग सरदार कारतलबखान याची नेमणूक केली. मोठी फौज, घोडदळ, सामानसुमान, खजिना असा सारा सरंजाम बरोबर होता.

या फौजेत माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई होत्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी स्वतः तलवार हाती घेतली आणि त्यांच्या शौर्यामुळे औरंगजेबाने त्यांना 'रायबागन', म्हणजे शाही वाघीण, असा किताब दिला होता. अमरसिंह, मित्रसेन, कोकाटे, जाधव असे सरदारही या मोगल फौजेत होते. उलट शिवाजी महाराजांच्या पदरी पायदळाचा सरनोबत म्हणून नूर बेगने काम केले होते. पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठी त्याच १६६० साली सिद्दी हिलाल झुंजला होता. पुढे आरमारात दौलतखान नावारूपास आला. तेव्हा हा धर्माधर्मांचा सामना होता असे कोणी सांगितले तर त्याला दोन्ही बाजूंची ही नावे वाचून दाखवावी.

घाटाखाली उतरण्याची रूढ वाट बोरघाटाची. पण तिच्यावर राजमाचीच्या किल्ल्याची नजर होती. म्हणून कारतलबखानाने तळेगाव, वडगाव, मळवलीच्या बाजूने येऊन लोहगडाच्या आसपासचा मुलूख ओलांडला आणि कुरवंड्याच्या घाटाने उतरायचे ठरविले. आज नागफणीचे टोक ज्यांनी लोणावळ्याच्या बाजूने पाहिले आहे त्यांना ही उतरण किती अवघड आहे हे सांगावयास नको. घाट उतरला की चावणी गाव आणि पुढे अंबा नदीच्या पात्राशी अरुंद होत जाणारी, दाट रानाने वेढलेली उंबरखिंड. घोडा हे मोगल फौजेचे बळ. त्या वाटेत घोडा म्हणजे निव्वळ ओझे. तोफा, बैल, सामान यांची एकच लांब रांग झाली. शेपूट घाटात आणि तोंड खिंडीत, अशी त्या अजस्र फौजेची गत झाली.

महाराजांना या हालचालींची बातमी आधीच मिळाली होती. त्यांच्याजवळचे लोक मोगलांच्या मानाने थोडे होते, पण जागा त्यांनी निवडलेली होती. फौज खिंडीत पुरती शिरेपर्यंत रानात कोणी हूं की चूं केले नाही. मग एकाएकी दोन्ही बाजूंनी बाणांचा, गोळ्यांचा, दगडांचा मारा सुरू झाला. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. वारा नाही, जवळ पाणी नाही. शूर माणसे त्या फौजेत होतीच. अमरसिंह आणि मित्रसेन लढलेही. पण अशा जागी शौर्याला हात-पाय पसरायलाच जागा नसते.

परमानंद कवीच्या 'शिवभारत' या संस्कृत ग्रंथात या लढाईचे वर्णन आले आहे. त्यात सर्वांत विचार करण्याजोगा भाग तलवारींचा नाही, एका सल्ल्याचा आहे. सर्व बाजूंनी कोंडी झाल्यावर कारतलबखानाने रायबागनकडे वळून आता काय करावे असे विचारले. त्या बाईने आडपडदा ठेवला नाही. या रानात फौज आणली हीच चूक झाली, हे तिने तोंडावर सांगितले, आणि आता हट्ट सोडून शिवाजीला शरण जावे व उरलेल्यांचे प्राण वाचवावेत, असा सल्ला दिला. खानाने तो मानला. वकील गेला. महाराजांनी खंडणी आणि सारे सामानसुमान ठेवून घेतले व फौजेला जीवदान देऊन परत जाऊ दिले.

आता थोडे थांबून विचार करा. या प्रसंगात निर्णय एकूण तीन झाले. पहिला, कारतलबखानाचा खिंडीत शिरण्याचा. वरून हुकूम होता, काम लवकर व्हायला हवे होते, किल्ल्याची नजर चुकवायची होती. या तिहेरी घाईत 'ही वाट मोठ्या फौजेच्या सोयीची आहे काय?' हा साधा प्रश्न बाजूस पडला. दुसरा, रायबागनच्या सांगण्यावरून शरण जाण्याचा. हा अपमानाचा निर्णय होता, पण शहाणपणाचा होता. तिसरा, महाराजांचा. सहा महिन्यांपूर्वी पन्हाळा, चाकण गमावलेल्या माणसाच्या हाती शत्रू आयता सापडला होता. सूडाचा मोह केवढा असेल! परंतु कोंडलेली फौज जिवावर उदार होऊन लढते, आपली थोडी माणसे त्यात खर्ची पडतात, आणि पुढे कोकणची मोहीम उभी आहे, हा हिशेब त्यांनी त्या धुमश्चक्रीतही केला. दडपण त्यांच्यावरही होते, परंतु दडपणाने त्यांची नजर आखूड केली नाही.

दडपणाने माणसाचे काय होते?

हा मनाचा दुबळेपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे, हे विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने संकटाच्या क्षणी प्राण्याच्या शरीरात काय घडते याचा अभ्यास केला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन नावाचा स्राव रक्तात येतो. हृदयाची धडधड वाढते, श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त धावते. शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होते. वाघ समोर आला असता हे वरदानच आहे. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये याने असे ताण लांबले म्हणजे शरीर कसे झिजत जाते यावर आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यानंतर 'स्ट्रेस' हा शब्द जगभर घरोघरी पोहोचला.

पण नेत्यासमोर नेहमी वाघ नसतो; हिशेबाचा कागद असतो, भांडणारे दोन गट असतात, उत्तर मागणारा वरिष्ठ असतो. तेथे पळायचेही नसते आणि झुंजायचेही नसते, विचार करायचा असतो. नेमका तोच भाग अडचणीत येतो. मेंदूचा पुढचा भाग, जो मागचापुढचा विचार करतो, पर्याय तोलतो, मनाला आवर घालतो, तो तीव्र ताणात मंदावतो. लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. घरात कोणी अत्यवस्थ असताना समोरच ठेवलेली किल्ली सापडत नाही, याचा अनुभव कोणाला नाही? माणूस पहिला सुचलेला मार्गच एकमेव मार्ग समजतो. जुनी सवय वर येते. आणि विरोधी मत ऐकले की ते शत्रूचे वाटते.

थोडा ताण मात्र हवाच. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की कठीण काम शिकताना उत्तेजना मध्यम असेल तर शिकणे चांगले होते. ती फार वाढली की काम बिघडते. परीक्षेची थोडी भीती मुलाला अभ्यासाला बसविते, फार भीती त्याला पाठ केलेलेही विसरायला लावते. पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. दडपणाखाली माणसाचे डोळे बंद होत नाहीत, आधी कान बंद होतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी चावणीला गेलो होतो. स्मारक पाहून परतताना उशीर झाला. शेवटची गाडी चुकेल, पालक काय म्हणतील, या काळजीने मी झपझप पुढे चाललो होतो. नववीतली एक मुलगी मागून म्हणाली, "सर, आपली वाट मागच्या वळणावर सुटली." तिचा मामा त्याच बाजूला राहतो, हे मला ठाऊक होते. तरी मी म्हणालो, "गप्प चल." पाऊण तास रानात भटकल्यावर, मुलांच्या बाटल्यांतले पाणी संपल्यावर, आम्ही मुकाट्याने त्याच वळणावर परत आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीची सर्वांसमोर माफी मागितली. कारतलबखानाला मी वर्षानुवर्षे वर्गात हसत आलो होतो. पण खानाने निदान वेळेवर विचारले तरी होते. मला तर न विचारता सांगितले गेले, आणि तरीही मी ऐकले नाही.

तळेगावचा तलाव

उंबरखिंडीनंतर ११८ वर्षांनी याच डोंगररांगेत आणखी एक फौज दडपणाखाली मोडली. १७७८ च्या अखेरीस मुंबईच्या इंग्रजांनी रघुनाथरावास पुण्यास गादीवर बसविण्यासाठी मोहीम काढली. फौज पनवेलला उतरली आणि आपल्या खालापूर-खोपोलीच्या वाटेने बोरघाट चढून खंडाळ्याला आली. खोपोलीचा तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ ज्यांनी बांधविले ते नाना फडणीस तेव्हा पुण्याचा कारभार पाहत होते आणि महादजी शिंदे फौजेसह सज्ज होते.

इंग्रजांच्या फौजेला एक सेनापती नव्हता, एक समिती होती. कर्नल एगर्टन, जॉन कार्नॅक आणि मॉस्टिन हे तिचे सभासद. एगर्टनची प्रकृती बरी नव्हती. मॉस्टिन आजारी होऊन मुंबईस परतला आणि नव्या वर्षाच्या आरंभीच वारला. मराठ्यांनी समोरासमोर लढाई न देता रोज थोडे थोडे हैराण करण्याचे तंत्र ठेवले. जानेवारीच्या आरंभी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. हाच तो इष्टुर फाकडा. शत्रूच्या शूर अधिकाऱ्यालाही लोकांनी मानाने दिलेले हे नाव. फौज गोगलगाईच्या गतीने तळेगावास पोहोचली, तेव्हा गाव जळून ओसाड पडलेले होते आणि पुढची गावेही तशीच जाळून टाकली जातील अशी वार्ता होती.

येथे समितीचा धीर सुटला. पुणे अवघे अठरा मैलांवर होते आणि छावणीत अठरा दिवसांचा शिधा शिल्लक होता. तरीही ११ जानेवारी १७७९ च्या रात्री जड तोफा तळेगावच्या तलावात ढकलून, सामान जाळून, गुपचूप माघार घ्यायचे ठरले. हजारो माणसांची आणि बैलांची माघार गुप्त कशी राहणार? मराठ्यांनी त्यांना वाटेतच वेढले आणि वडगावला कोंडले. पिछाडी सांभाळणारा कॅप्टन हार्टले मात्र अखेरपर्यंत धीराने लढला आणि शरणागतीलाही त्याचा विरोध होता. समितीने त्याचे ऐकले नाही. वडगावचा तह झाला. पुढे कंपनीने कार्नॅक व एगर्टन यांना नोकरीतून काढले आणि हार्टलेला बढती मिळाली.

कारतलबखान आणि ही समिती यांतला फरक पाहण्यासारखा आहे. खान खरोखरच कोंडीत सापडला होता. त्याला शरण जाण्याचा सल्ला मिळाला आणि तो योग्य होता. समिती कोंडीत नव्हती. घाबरून तिने स्वतःच कोंडी ओढवून घेतली. तेव्हा 'संकटात माघार घ्यावी' किंवा 'संकटात माघार घेऊ नये' असा कोणताही ठोकळेबाज नियम इतिहास देत नाही. कसोटी एकच. निर्णय परिस्थिती पाहून घेतला, की तिच्या भीतीने घेतला? आणखी एक बोध आहे. चार माणसांची समिती नेमली म्हणजे आपोआप सल्लामसलत होते असे नाही. चौघे मिळूनही घाबरू शकतात, आणि मग प्रत्येकाची भीती दुसऱ्याच्या भीतीला खतपाणी घालते.

कर्जतच्या घाटातील एक विधवा

तिसरा प्रसंग युद्धाचा नाही. कर्जतहून गाडी सुटली, पळसदरी मागे पडली, की बोगदे सुरू होतात. विद्यार्थी खिडकीशी बसून बोगदे मोजतात. हा रेल्वेचा घाट १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ आणि पंचवीस बोगदे, असे ते अवाढव्य काम होते. चाळीस हजारांहून अधिक मजूर एका वेळी त्यावर राबत होते. पहारीने कडा फोडताना आणि पटकीच्या साथीत कितीतरी मजूर येथे दगावले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. आपल्या गाडीचे चाक त्यांच्या कष्टांवरून फिरते, याचे स्मरण ठेवावे.

पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तंट्यातून मजुरांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याने काम सोडले. मग कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाला मिळाले. तो सहकुटुंब हिंदुस्थानात आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, येथे येऊन दोन-तीन महिनेही होत नाहीत तोच, आजारी पडून वारला. मागे राहिली त्याची पत्नी अ‍ॅलिस. परका मुलूख, नुकताच झालेला पतीचा मृत्यू, आणि डोक्यावर हजारो मजुरांचे कंत्राट. दडपण दडपण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

त्या बाईने कंत्राट सोडले नाही, आणि स्वतःला सारे कळते असा आवही आणला नाही. घाटाचा अनुभव असलेल्या अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघांकडे तिने काम सोपविले. जबाबदारी स्वतःकडे ठेवली, आणि ज्याचे काम त्याच्या हाती दिले. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. दुःखाच्या भरात माणूस दोन चुका करतो. एक तर सारे टाकून देतो, किंवा सारे एकट्याच्या डोक्यावर घेतो. अ‍ॅलिस ट्रेडवेलने दोन्ही टाळल्या.

आपल्या दीनची शिकवण

वाचकहो, या विषयावर आपल्याला पश्चिमेकडून नव्याने शिकावे लागेल असे नाही. कुरआन शरीफमध्ये 'शूरा', म्हणजे सल्लामसलत, या नावाची एक सूरतच आहे. हा शब्द आपण सभांतून सहज उच्चारतो, पण त्यामागचा एक प्रसंग आठवून पाहावा.

हिजरी ३, म्हणजे इ. स. ६२५ मध्ये उहुदची लढाई झाली. मदिना शहरात राहूनच मुकाबला करावा, असा हजरत मुहम्मद पैगंबर (स.अ.व.) यांचा कल होता. पण तरुण सहाबांचा आग्रह बाहेर पडून लढण्याचा होता. सर्वांचे ऐकून ते बाहेर पडले. टेकडीवर नेमलेल्या पन्नास तिरंदाजांपैकी बहुतेकांनी विजय झालाच असे समजून जागा सोडली आणि डाव फिरला. हजरत हमजा (रजि.) यांच्यासह सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले. आता एखादा सामान्य नेता असता तर म्हणाला असता, "पाहिलेत? यापुढे कोणाला काही विचारणार नाही." परंतु सूरह आलि-इमरानमध्ये या लढाईच्या संदर्भात आलेला आदेश नेमका उलट आहे. त्यांच्याशी नरमाईने वागा, त्यांना क्षमा करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा. सल्ला मानून हानी झाली तरी सल्ल्याची रीत सोडायची नाही, हा धडा विजयाच्या दिवशी नव्हे, जखमा ओल्या असताना दिला गेला.

दुसरा प्रसंग हिजरी ६, म्हणजे इ. स. ६२८ मधील हुदैबियाचा. उमरा न करताच या वर्षी परत जायचे, असा तह झाला. सुमारे चौदाशे सहाबा दुःखाने सुन्न होते. कुर्बानी करून केस उतरवा असे पैगंबर साहेबांनी (स.अ.व.) सांगितले, तरी कोणी उठेना. ते तंबूत गेले आणि आपली व्यथा त्यांनी पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना सांगितली. त्यांनी सल्ला दिला, की कोणाशी काही न बोलता बाहेर जावे आणि आधी स्वतः कुर्बानी करावी. तसे करताच सारे उठले आणि त्यांनी अनुकरण केले. एका बाईच्या चार शब्दांनी तो अवघड क्षण टळला. उंबरखिंडीतील रायबागन आठवते ना?

न्यायाधीशाने रागाच्या भरात दोघांत निवाडा करू नये, अशीही हदीस आहे. आजचे शास्त्र मेंदूच्या भाषेत जे सांगते, ते आपल्या वडीलधाऱ्यांना या हदीसमुळे फार पूर्वीपासून ठाऊक होते. आपण ते आचरणात आणतो का, एवढाच प्रश्न आहे.

घरातील खिंड

आता मूळ मुद्द्यावर येतो. कर्जत-खालापूर भागात पुष्कळ घरे कारखान्यांवर, लोकल गाडीवर आणि छोट्या दुकानांवर चालतात. एखाद्या वर्षी काम थांबते, किंवा घरात मोठे दुखणे निघते. घरातला कर्ता माणूस आठ दिवस कोणाशी बोलत नाही आणि नवव्या दिवशी निर्णय सांगतो, "मुलीची शाळा पुरे." किंवा, "मुलाला उद्यापासून गॅरेजात पाठवा." आम्ही शिक्षक असे निर्णय दरवर्षी पाहतो. हे बाप वाईट नसतात. ते खिंडीत सापडलेले असतात. परंतु फीचा प्रश्न बहुधा काही महिन्यांचा असतो आणि निर्णय मुलीच्या साऱ्या आयुष्याचा होऊन बसतो. शिष्यवृत्ती, फीची सवलत, हप्ते, नातलगांची मदत, यांपैकी काही आहे का हे विचारायला आधी कोणीतरी शाळेत आले पाहिजे ना? तोफा तलावात ढकलण्यापूर्वी छावणीत किती दिवसांचा शिधा आहे हे मोजले पाहिजे.

म्हणून पालक बंधुभगिनींनो, माझी नम्र विनंती आहे. मोठा निर्णय रागात किंवा भीतीत घेऊ नका. एक रात्र जाऊ द्या, फजरनंतर पुन्हा विचार करा. ज्याच्यावर त्या निर्णयाचा भार पडणार आहे त्याला विचारा, मग तो घरात वयाने सर्वांत लहान का असेना. पत्नीचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. हुदैबियाच्या तंबूत तो घेतला गेला आहे. आणि परतीची वाट ठेवा. मुलाचे शिक्षण तात्पुरते थांबवावेच लागले, तर शाळेला सांगून, परत कधी येणार हे ठरवून थांबवा.

संस्थांच्या आणि जमातींच्या पदाधिकाऱ्यांनाही एक शब्द. सभा तापली की ठराव घाईने मंजूर होतात. ज्या सभासदाचे बोलणे सर्वांत टोचते, त्याचे म्हणणे त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकावे. तो आपला हार्टले असू शकेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे नेते आहोत? उद्या व्हाल. त्याची तालीम आजपासून आहे. प्रश्नपत्रिका हाती आली की पहिली पाच मिनिटे पेन खाली ठेवून ती पूर्ण वाचा. संघाचे कप्तान असाल तर हरत असताना खेळाडूंवर ओरडण्यापूर्वी त्यांना विचारा. आणि वर्गात, सहलीत, कोठेही सर चुकीच्या वाटेने निघाले आहेत असे तुम्हाला दिसले, तर अदबीने पण स्पष्ट सांगा. सर रागावले तर आणखी एकदा सांगा.

सुट्टीत कधी खोपोलीहून पालीच्या रस्त्याने जाल तेव्हा आत चावणीपर्यंत जाऊन या. अंबा नदीच्या पात्राशी उभे राहून वर नागफणीकडे पाहा. एवढी मोठी फौज या चिंचोळ्या जागेत का शिरली असेल, हा प्रश्न तुम्हाला पडेल. उत्तर त्या डोंगरात सापडायचे नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात अशी एक खिंड आहे, आणि घाई झाली की आपण सारेच तिच्यात शिरतो. शिरल्यावर निदान कोणाला तरी विचारण्याचे आणि त्याचे ऐकण्याचे भान अल्लाह आपल्याला देवो, हीच दुआ.